तुफानला बघायला आलेली माणसं

मारुतीराव अण्णा गेली अकरा वर्षे जिल्हा पंचायतीचे भावी सदस्य आहेत. मधे निवडणुका आल्या आणि गेल्या, पण त्यांच्या भावीपणाला धक्का लागला नाही. त्यांच्याकडे एक पांढरी गाडी, तीन मोबाईल, चाळीसेक कार्यकर्ते आणि तुफान नावाचा एक घोडा आहे. यांपैकी काम करतो तो घोडा.

माघातल्या एका जत्रेत, सदलग्याच्या अलीकडे, घोडागाडीच्या शर्यतीत तुफानच्या उजव्या पुढच्या पायाची शीर दुखावली. अण्णांनी मैदानातच दोन गोष्टी तातडीने केल्या. गाडी हाकणाऱ्याला शिव्या दिल्या आणि घोड्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेतला. फोटोत अण्णांचेच डोळे जास्त पाणावलेले दिसत होते.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर शाल्मली मूळच्या बेळगावातल्या शहापूरच्या. बोलणं कमी, तेही पायाबद्दल. त्यांनी सांगितलं, "सहा महिने पळवायचा नाही. मऊ जमिनीवर बांधा, दिवसातून तीनदा पायावर गार पाण्याची धार धरा, आणि शांतता ठेवा."

अण्णांच्या अंगणात नुकतीच चकचकीत फरशी बसवली होती. तिच्यावर घोडा घसरला असता. शिवाय फरशीही घाण झाली असती. अण्णांनी दवाखान्यात सोबत आलेल्या गर्दीवर नजर फिरवली आणि ती नागोजीवर थांबली. नागोजी निपाणीच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. त्याला कुणीही काही विचारलं की तो आधी 'व्हय' म्हणतो, आणि मग काय विचारलं होतं ते आठवू लागतो. अशा रीतीने घोडा नागोजीच्या गोठ्यात आला. नागोजीच्या बायकोला, अक्काताईला, कुणी विचारलं नव्हतं.

"दोन दिसांचा प्रश्न हाय, वैनी," अण्णा म्हणाले.

"डॉक्टरीणबाई सा म्हैनं म्हनत्यात."

"त्येच की," अण्णा म्हणाले आणि गाडीत बसले.

नागोजी सकाळी आठच्या बसने कॉलेजला जाई, म्हणजे घोडा अक्काताईचा झाला. ती विहिरीच्या पाण्याची नळी पायावर अर्धा-अर्धा तास धरून बसे. पट्टी बांधायला डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं, आणि शिकवताना एक गोष्ट सांगून ठेवली: अर्धवट बऱ्या झालेल्या पायाने हा पळाला तर शीर तुटेल, आणि मग हा घोडा परत उभा राहणार नाही. अक्काताईने ते मनाशी पक्कं धरलं. घोडा कुणाचा का असेना, पाय तिच्या हाताखालचा होता.

आता, आमच्या भागात कुणी आजारी पडलं की त्याला बघायला जावं लागतं. आजार कसलाही असो, न जाणं म्हणजे वैर, आणि रिकाम्या हाताने जाणं म्हणजे अपमान. रोगी झोपलेला असेल तर त्याला उठवून बसवायचं आणि सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकायची. घोडा उभ्यानेच झोपतो, त्यामुळे येणाऱ्यांची मोठी सोय झाली. आणि हा तर अण्णांचा घोडा. तिसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. कुणी केळी आणली, कुणी ग्लुकोजची बिस्किटं, कुणी शिरा. अण्णांच्या गोटातला ज्योतिबा पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला. त्याने तुफानच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"पेडं नका घालू भाऊजी," अक्काताई म्हणाली. "बाईंनी नुसता चारा सांगितलाय."

"वैनी, अण्णांचा घोडा हाय. अण्णांचा मान हाय त्यो."

"त्यो मान त्येच्या पोटात ऱ्हानार हाय व्हय?"

ज्योतिबा हसला. मग त्याने नागोजीला विचारलं, "एक घालू का रं?" नागोजी म्हणाला, "व्हय."

या काळात घोड्यापेक्षा अण्णांचं नाव जास्त घेतलं गेलं, कारण जो येई तो आपण येऊन गेल्याचा फोटो अण्णांना पाठवी. मग जे आले नव्हते त्यांना धडकी भरली. एकाच घोड्याला बघायला एक माणूस चार-चार वेळा येऊ लागला. पाचव्या आठवड्यात अण्णांचा वाढदिवस आला. घोडा आजारी असताना धूमधडाका बरा दिसणार नाही, म्हणून वाढदिवस साधेपणाने, गोठ्यातच करायचं ठरलं. साधेपणाला साठ माणसं आली. केक दोन मजली होता. अण्णांनी पहिला तुकडा तुफानच्या तोंडात घातला आणि टाळ्या झाल्या. दुसरा ज्योतिबाने घातला, मग रांग लागली. अक्काताई मधे उभी राहिली तर तिला कुणीतरी प्रेमाने बाजूला केलं आणि तिच्याही हातात केक दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुफान खाली कोसळला. लोळायचा, पोटाकडे मान वळवून बघायचा, घामाने न्हायलेला. डॉक्टर शाल्मली आल्या, नाकातून नळी घालून पोटात तेल सोडलं, इंजेक्शन दिलं आणि मग मागे वळून विचारलं, "याला काय घातलंत?"

वाढदिवसाची काही मंडळी घोडा मरतोय हे कळल्यामुळे परत बघायला आली होती. सगळ्यांनी नागोजीकडे बघितलं.

"केक घातला का?" बाईंनी विचारलं.

"व्हय," नागोजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा ते बरोबर उत्तर होतं.

पोटासाठी घोडा चालवायला हवा होता आणि पायासाठी उभा ठेवायला. अक्काताईने त्याला नांगरलेल्या मऊ रानात नेलं आणि दिवस मावळेपर्यंत पाऊल-पाऊल फिरवलं. दहा पावलं चालायचं, थांबायचं, पायावरून हात फिरवायचा. बघ्यांना बांधावर बसून सल्ले द्यायला जागा भरपूर होती. घोडा वाचला. पाय मात्र पुन्हा सुजला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा महिने आजपासून मोजा."

अक्काताईने गोठ्याच्या तोंडाला बाभळीची काटेरी फांदी लावली आणि माणसं बंद केली. गावात बोललं गेलं की नागोजीच्या बायकोला माणूसपण न्हाय.

चैत्रात मोठी जत्रा होती. आदल्या दिवशी अण्णा चाळीस कार्यकर्ते, एक टेम्पो आणि बँड घेऊन दारात आले.

"वैनी, लई उपकार झालं. उद्या पळवायचाय."

"पाय बरा न्हाय, अण्णा. शीर तुटंल."

"पट्टी घट्ट बांधा. चार मिनिटांचा तर खेळ."

"डॉक्टरीणबाईंना इचारा."

"बाई शिकलेल्या हायत, पर शर्यतीतलं त्यास्नी काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "आन् घोडा माझा हाय न्हवं?"

घोडा खरोखरच त्यांचा होता. अक्काताईने अण्णांमागच्या चाळीस जणांकडे आणि बँडकडे एकदा बघून घेतलं. मग तिने फांदी काढली.

"न्या," ती म्हणाली. "पर शर्यतीला जायच्या आदी घोडं चालवत देवळाला न्यून देवाच्या पायावर घालत्यात. तुमी बिन-देवाचं न्हेनार व्हय? टेम्पो न्या तिकडं म्होरं."

चाळीस जणांसमोर अण्णांना देव नाकारता येईना. बँड वाजू लागला. अक्काताईने कासरा धरला, अण्णा शेजारी चालले आणि तुफान निघाला. गोठ्यातल्या मऊ मातीवर त्याचं लंगडणं दिसत नव्हतं. डांबरावर आल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं. दुखरा पाय टेकला की तो मान झटक्याने वर उचले, आणि चांगल्यावर भार आला की खाली टाके. देवळासमोरच्या चहाच्या टपरीवर परशराम बसला होता. त्याची अण्णांशी मैत्री नव्हती आणि वैर करण्याइतका त्याला वेळही नव्हता. त्याने बशी खाली ठेवली आणि ओरडून विचारलं,

"अण्णा, परचाराला काडलंय व्हय घोडं? पावलागनिक नमस्कार घालतंय की!"

टपरी हसली. मग कट्टा हसला. मग, जे सगळ्यात वाईट होतं, बँडवाल्यांपैकी दोघे हसले आणि एक तुतारी मधेच बंद पडली. अण्णांनी घोड्याकडे बघितलं. घोड्याने पुन्हा नमस्कार घातला. अण्णांना घोड्याचा पाय तुटलेला चालला असता, पण उद्या जत्रेत हजार माणसांनी असं हसलेलं परवडणार नव्हतं. ते देवळाच्या पायऱ्या चढले आणि वळून हात वर केला.

"बंधूंनो," ते म्हणाले, "काही लोक म्हणाले, घोडा पळवा. पण मुक्या जनावराला वेदना देऊन मिळणारी शर्यतीची ढाल मला नको!"

ज्योतिबाने टाळी वाजवली, तीही बराच वेळ विचार करून. अण्णा बारा मिनिटं बोलले, त्यात जनावरं, शेतकरी, पाणी आणि तरुण पिढी आली. मग ते पांढऱ्या गाडीत बसले. मोकळा टेम्पो त्यांच्या मागे गेला. घोडा परत कधी न्यायचा याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

अक्काताईने तुफानला रस्त्याकडेच्या मातीवर घेतलं. पायावरून एकदा हात फिरवला. गरम होता, पण शीर शाबूत होती. बँडवाल्यांना कुणी थांबायलाही सांगितलं नव्हतं आणि जायलाही. त्यांचा म्होरक्या तिच्याजवळ आला.

"आक्का, जाताना वाजवायचं का?"

"नगा," ती म्हणाली. "बिचकतंय. पाय वाकडा टाकंल."