देवराव थांबतो तेव्हा

तिवशाजवळच्या वस्तीत सिनेमावाले आले, त्या दिवशी मनकर्णानं नवऱ्याला घासूनपुसून लख्ख केलं होतं. गुळगुळीत दाढी, डोक्याला तेल, पांढरंशुभ्र धोतर, वर निळी टोपी. वऱ्हाडातल्या गवयांवर माहितीपट निघणार होता आणि त्यात देवराव गाणार होता! दीक्षा घेतल्यापासून त्याच्या गायन मंडळाची बुद्धाची गाणी पार बडनेऱ्यापर्यंत गाजत होती. मनकर्णाचा ऊर भरून आला होता, आणि धास्तीही वाटत होती. कारण देवरावचं डोकं मधूनमधून बिघडायचं. कानात कुणीबुणी बोलू लागायचं. नागपूरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती बोलणारी माणसं कमी झाली, पण पुरती गेली नाहीत. सगळ्या जिल्ह्यासमोर कुणी नवऱ्याला वेडा म्हणून उभं करू नये, एवढंच तिला हवं होतं.

माहितीपट काढणाऱ्या मुंबईच्या साहेबांना नेमका वेडाच हवा होता. अमरावतीच्या कीर्तनकाराकडून त्यांनी ज्ञान घेतलं, अकोल्याच्या कव्वालांकडून थाट घेतला. या वस्तीतून दुःख न्यायचं, असं त्यांनी मुंबईहून निघतानाच ठरवलेलं. देवरावच्या आजाराची बातमी कुण्या भल्या माणसानं पुरवली होतीच. साहेबांनी त्याची टोपी काढायला लावली, केस विस्कटले आणि त्याला चिंचेखाली एकटं बसवलं.

"आता जरा वेडसर बघा," ते म्हणाले.

"म्हंजे कसं जी?" देवरावनं मनापासून विचारलं. "मले झटका आला का मी खोलीत जाऊन बसतो. आरशात पाह्यत नाई. तुमीच करून दाखवा ना."

साहेबांनी बिचाऱ्यांनी डोळे गरगरा फिरवले, हात उडवले, जीभसुद्धा बाहेर काढली. वस्ती हसून हसून लोळली. देवराव तेवढा गंभीर.

"साहेब, तुमाले लवकर दवाखान्यात न्या लागते," तो म्हणाला.

कॅमेरावाल्यालाही हसू आवरेना. मनकर्णानं कंगवा घेऊन नवऱ्याचे केस नीट केले, टोपी चढवली.

"दुःख आमच्यापाशी लय हाये, साहेब," ती म्हणाली. "पन ते केसात नसते. गानं घ्या, आन् सारं मंडळ घ्या."

साहेब ओशाळले. मंडळ बसलं, ढोलकी लागली, देवरावचा आवाज चढला, आणि ऐन कडव्यात तो गप्प झाला. मान कलती करून कुणाचं तरी ऐकू लागला.

मंडळाची यावर एक रीत होती. देवराव थांबला की मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनी ध्रुपद, म्हणजे गाण्याचं पालुपद, धरायचं आणि तो परत येईस्तोवर सोडायचं नाही. त्याला हलवायचं नाही, टक लावून बघायचं नाही. टाळ वाजवणाऱ्या किसनरावनं ध्रुपद उचललं, ते फिरत राहिलं. मग देवरावची मान सरळ झाली, आणि जिथं सोडलं होतं तिथूनच त्यानं कडवं पुढं नेलं.

"वा! ते थांबणं फार छान!" साहेब हरखले. "तेवढंच ठेवतो!"

"ठेवा ना," मनकर्णा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पन थांबला ते ठेवान, तर परत आला तेबी ठेवा. नाईतर दोनीबी काढा."

"बघू," साहेब म्हणाले, आणि जीप निघून गेली. त्या 'बघू'नं मनकर्णाची झोप उडवली.

अमरावतीच्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी तो माहितीपट लागला, तेव्हा अख्खं मंडळ बाकांवर दाटीवाटीनं बसलं होतं. कीर्तनकार झाले, कव्वाल झाले, आणि पडद्यावर टोपी घातलेला देवराव आला. गाऊ लागला. आणि थांबला. मनकर्णानं लुगड्याचा पदर मुठीत गच्च धरला. आता इथंच कापलं असलं तर?

पुढच्या बाकावरचा माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "हा काहून चूप झाला बे? येडा हाये का?"

देवरावनं वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब ना भाऊ," तो म्हणाला, "येतोच मी."

पडद्यावर किसनरावचं ध्रुपद फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि देवराव आला. मनकर्णा रडली, आणि मग साऱ्या टॉकीजला ऐकू जाईल अशी हसली.