नुसती धरायची खेन

केओताने इस्त्री केलेला रेशमी सदरा नवऱ्याच्या अंगावर चढवला आणि बटणं लावायला घेतली, तसा सोमसनुक दोन पावलं मागे सरला.

"मी नाही जात."

"अहो, आत्ता बस येऊन दारात उभी राहील!"

राजधानीत, व्हिएन्तियानमध्ये, आजूबाजूच्या देशांच्या क्रीडास्पर्धा भरत होत्या. उद्घाटनाला खेन हे फुंकून वाजवायचं बांबूचं वाद्य वाजवणाऱ्या तीस म्हाताऱ्यांना मैदानात उभं करायचं ठरलं होतं. काल रंगीत तालमीत दिग्दर्शकाने मोठ्या अदबीने सांगितलं, की आजोबा, फुंकायचं नाही. आवाज आधीच मुद्रित करून ठेवलाय, तुम्ही खेन ओठांना लावून नुसतं डुलायचं. तेव्हापासून सोमसनुकचं डोकं फिरलं होतं.

"जेवायला बोलवायचं आणि म्हणायचं, नुसतं तोंड हलवा!" तो म्हणाला. "ही कसली देशाची शान?"

"एवढासा आपला देश. कधी नव्हे ते सगळे आपल्याकडे बघणार. दिसू द्या की जरा झकास!"

"बघणारच ना? ऐकणार कुठे आहेत?"

हा माणूस आज घरी बसला, तर पुढची दहा वर्षं कुढत राहील, हे केओताला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती बघत आली होती: बांबूच्या नळ्यांची ती खेन हातात घेतली, की आधी कपाळाला लावून गुरूला नमस्कार, मग पहिला स्वर. नमस्कार करून न वाजवता ती खाली ठेवणं त्याच्या लेखी पाप होतं.

"जातो," शेवटी तो म्हणाला. "तुझ्यासाठी. पण गुरूला नमस्कार करणार नाही. म्हणजे मग ते वाजवणंच नव्हे. खांबासारखा उभा राहीन."

"राहा. फक्त सदरा चुरगळू नका."

संध्याकाळी अर्धी गल्ली तिच्या टीव्हीपुढे जमली. चिकट भाताची टोपली हातोहात फिरत होती. रोषणाई झाली, कागदी हत्ती झाले, हजारभर नर्तकी नाचून गेल्या आणि मग ते तीस जण आले. कॅमेरा सरकत सरकत सोमसनुकवर थांबला.

त्याने एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग खेन उचलली, कपाळाला लावली आणि डोळे मिटले.

केओताचा घास हातातच राहिला.

टीव्ही दणाणला. ढोल, व्हायोलिनं आणि त्यांच्यावर ती मुद्रित, घासूनपुसून चकचकीत केलेली खेन. पडद्यावर सोमसनुकचे गाल फुगत होते, बसत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती.

"वा! काका काय वाजवतायत!" शेजारचे विलाय मास्तर म्हणाले. "अंगावर काटा आला बघा."

केओताने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला.

"अहो काकू, काय करताय!" सगळे एकदम ओरडले.

"गप्प बसा रे," ती पडद्याजवळ सरकत म्हणाली. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. "मला ऐकू द्या."