किरकोळ कामं

सासऱ्यांनी लाल पेन्सिलीने तिच्या अर्जातली तिसरी ओळ खोडली आणि पट्टी खाली सरकवली.

"हे काय? अकरा दिवस?"

"हॉटेलचे नकाशे होते, बाबा. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं ते. खोलीच्या दारामागे लावतात ना, तसे."

"अकरा दिवसांत माणसाला पिण्याचं पाणी कुठे मिळतं तेही कळत नाही." ओळ गेली. "पंपाचं माहितीपत्रक, तीन आठवडे. गेलं. व्हीलचेअर, दोन महिने."

"ते राहू द्या ना. ते काम खरंच चांगलं झालं होतं."

"चांगलं-वाईट बघतंय कोण, सूनबाई?" त्यांनी पट्टी घट्ट दाबून धरली, रेघ सरळ यावी म्हणून. "तीस वर्षं आस्थापना विभागात काढलीत मी. असले तुकडे दिसले की वाचणारा म्हणतो, ही बाई कुठे टिकत नाही. त्यापेक्षा कोरं बरं. संसारात होते म्हणायचं. बायकांना पुढचं कुणी विचारत नाही."

ते कधी आवाज चढवत नसत. खोडतानाही त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं नाक पुसणाऱ्या माणसाचा भाव होता. तिने मान हलवली.

ती आणि तिचा नवरा एकाच कचेरीत आरेखक होते. शेजारशेजारच्या टेबलांवर बसता बसताच त्यांचं जमलं. कचेरी बंद पडली तेव्हा दोघंही एकाच दिवशी घरी आले. नवरा त्याच्या तोलामोलाच्या नोकरीची वाट बघत बसला. तिने जे मिळेल ते घेतलं. जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलून तिथेच कागद पसरायचे आणि पुढच्या जेवणाच्या आत गुंडाळायचे. अशी तीन वर्षं घर त्या टेबलावर चाललं. त्या तीन वर्षांच्या आता अर्जात पाच लाल रेघा होत्या.

जाहिरात रुग्णालयांसाठी खाटा, स्ट्रेचर बनवणाऱ्या कंपनीची होती. माहितीपत्रकांसाठी आरेखक हवा होता, जागा एकच. "दोघंही अर्ज करा," सासरे म्हणाले होते. "कुणालाही लागली तरी येणार आपल्याच घरात." दोन्ही अर्ज त्यांनी स्वतः टाइप केले, स्वतः पाठवले. तारखा पडताळायला म्हणून तिची चित्रांची फाइलही चार दिवस त्यांच्याकडे होती.

मुलाखतीला दोघांना एकाच दिवशी बोलावलं. आधी तिला आत घेतलं.

विभागप्रमुख बाई खोकल्याची गोळी चघळत होत्या. त्यांनी तिचं एकुलतं एक पान उलटून पाठीमागचं कोरं बघितलं.

"तीन वर्षं काहीच नाही?"

"घरी होते."

"हाताची सवय मोडली असेल मग."

तिने पर्स मांडीवर सरळ केली.

"तुमचे मिस्टर बाहेर बसलेत ना? त्यांनी तेवढ्याच काळात पाच ठिकाणी काम केलंय. चित्रंही जोडलीत." बाईंनी दुसरी फाइल ओढली, त्यातला एक कागद काढून तिच्यापुढे सरकवला. "हे बघा. परक्या नजरेने बघा आणि काही चुकलं असेल तर सांगा. परीक्षा समजा हवं तर."

व्हीलचेअरच्या ब्रेकवर ठेवलेला एक हात. तो हात नवऱ्याचाच होता. तिने त्याला अर्धा तास खुर्चीच्या दांड्याला धरून बसवलं होतं आणि तो अर्धा तास कुरकुरत होता. बाकी सगळं तिचं होतं. चाकाच्या आऱ्या, सावलीच्या आडव्या रेघा, कोपऱ्यातला आकडासुद्धा.

तिने कागद उचलून जवळून बघितला. तिने तो टेबलावर ठेवला.

हे पक्कं चित्र नव्हतं. सासऱ्यांनी फाइलमधून पहिलं, टाकून दिलेलं चित्र उचललं होतं.

"ब्रेकचा बाण उलटा आहे," ती म्हणाली. "या खुर्चीत दांडा मागे ओढला की चाक अडतं. बाणाप्रमाणे पुढे ढकलला तर सुटेल. उतारावर पेशंट खुर्चीसकट खाली."

बाईंनी गोळी गालात सरकवली. "तुम्ही ही खुर्ची वापरलीय?"

"बघितलीय."

"आमच्या इंजिनिअरला हे कळायला दोन दिवस लागले." बाईंनी तिच्या कोऱ्या पानावर काहीतरी खरडलं. "बरं. मिस्टरांना पाठवा पाच मिनिटांनी."

बाहेर बाकावर नवरा गुडघे जुळवून बसला होता. ती शेजारी बसली. त्याने तिच्याकडे बघितलं नाही, तेव्हा तिला कळलं की त्यालाही ठाऊक आहे.

"दाखवलं का तुला?" त्याने हळूच विचारलं.

"दाखवलं."

"बाबांनी परस्पर घातलं गं. मी नको म्हणालो होतो. म्हणजे, म्हणणार होतो." त्याने दाराकडे बघितलं. "तू काही बोलली नाहीस ना आत?"

"नाही."

"माहीतच होतं मला. शेवटी तुझं काय आणि माझं काय." तो जरा सैलावला, तिच्याकडे वळला. "काय विचारतात? चित्रांबद्दल काही?"

समोरच्या भिंतीवर कंपनीच्या खाटांची छायाचित्रं होती. रिकाम्या, पांढऱ्या, इस्त्री केल्यासारख्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"ब्रेकच्या बाणाचं विचारतील," ती म्हणाली. "उलटा आहे म्हणून गोंधळात टाकतील तुला. गडबडू नकोस. बरोबर आहे म्हणून ठाम सांग. स्वतः वापरून बघितलंय म्हण."

"नक्की?"

"मी काढलंय ना."

त्याने तिचा हात दाबला. कितीतरी दिवसांनी दाबला. मग उठला, शर्ट नीट खोचला आणि आत गेला.

सात मिनिटांत तो परत आला. त्याची फाइल त्याने छातीशी धरली होती. घरी पोहोचेपर्यंत ती तशीच होती. दारातच सासऱ्यांनी विचारलं तेव्हा "बरी झाली" म्हणाला आणि मोजे काढायला खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. विभागप्रमुख बाई होत्या.

"मी तुमचंच नाव पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "पण वरच्यांनी हात वर केले. म्हणाले, हिची नजर एवढी तयार आहे, तर तीन वर्षं कुणीच कसं विचारलं नाही हिला? मला उत्तर देता येईना. तुम्ही काहीच केलं नव्हतं का हो? अगदी बारीकसारीकही?"

टेबलाच्या पलीकडे नवरा पोहे खायचे थांबला होता. सासरे वर्तमानपत्र खाली करून बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "घरीच होते."

तिने फोन ठेवला.

"कंपनीचा ना?" सासरे अर्धे उठलेच. "काय म्हणाले त्याचं?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्या सात मिनिटांत आत काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता तीच सांगून टाकेल तर बरं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"त्याचं अजून काही ठरलं नाही म्हणाल्या," ती म्हणाली. "विचार चाललाय. कधीही फोन येईल."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" सासऱ्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. तिचं काय झालं ते विचारायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. "लगेच ये म्हणाले तर? असा खुंट वाढवून जाणार आहेस? ऊठ. आणि आजपासून रोज नऊच्या आत तयार होऊन बसायचं."

तिने पोह्यांच्या बशा उचलल्या. नवरा उठला, मोरीत गेला आणि त्याने गालांना साबण लावला.