दुधाचा दोष

कांदिवलीच्या चाळीत शेवंतीबाईंचा शब्द खाली पाडायची कुणाची टाप नव्हती. त्यामुळे महिन्याचा नातू पिवळा पडून त्याचं पोट फुगलं, तेव्हा निदानही त्यांनीच केलं. सुनेचं दूध बाधलं. सुलक्षणाचं पाजणं बंद झालं, शेळीचं दूध सुरू झालं, आणि दहिसरच्या एका गृहस्थाकडून आणलेली काविळीची माळ बाळाच्या डोक्यावर चढली. कावीळ उतरते तशी ही माळ लांबत जाऊन खाली घसरते, असं सगळे मानत. दोन दिवसांत माळ कमरेपर्यंत आली. शेवंतीबाईंनी शेजारणींना ती कौतुकाने दाखवली. पोट मात्र होतं तसंच राहिलं, तळपायांची सालं निघू लागली आणि नाक इतकं चोंदलं की बाळाला धड रडताही येईना.

शेवटी इस्पितळ गाठावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टर उत्तराबाईंनी बाळाचं आणि आईबापांचं रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"जयवंतराव, ही गरमी आहे, म्हणजे सिफिलिस. तुमच्याकडून बायकोला आणि तिच्याकडून पोटातल्या बाळाला झाली. त्यानेच त्याचं यकृत सुजलंय. बाळाला दहा दिवस पेनिसिलिन देऊ, तुम्हा दोघांनाही इंजेक्शनं घ्यावी लागतील. आणि दुधाचा यात काही दोष नाही."

लग्नानंतर वर्षभर सुरतेला नोकरी करून आलेल्या जयवंतने मान खाली घातली.

एरवी आईने त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण शेवंतीबाई मटकन स्टुलावर बसल्या.

"डॉक्टरबाय, माझी तीन गेली," त्या म्हणाल्या. "अशीच पिवळी, अशाच पोटाची. सासू म्हणाली, तुझा दूध विषारी. चौथो ह्यो जयवंत. तेका मी एकदाय पाजूक नाय. शेळीच्या दुधावर जगलो."

जयवंत लहान असताना त्यांनी आपलं भरलेलं दूध मोरीत पिळून टाकलं होतं. तो जगला आणि सासूचं म्हणणं खरं ठरलं. तीस वर्षं त्या स्वतःला तीन लेकरांची मारेकरी समजत आल्या होत्या.

"आता खात्रीने कसं सांगू, आजी? पण बहुतेक हाच आजार असणार," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दर बाळंतपणागणिक त्याचा जोर कमी होत जातो, म्हणून चौथा जगला असेल. तुमच्या दुधाने कुणी गेलं नाही."

चौथ्या इंजेक्शनानंतर बाळाचं नाक मोकळं झालं, पोटही जरा सैल लागलं. बाळ वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वॉर्डात सुलक्षणा वाटी-चमचा घेऊन शेळीचं दूध पाजायला बसली, तेव्हा शेवंतीबाईंनी वाटी काढून घेतली आणि बाळ तिच्या पदराखाली दिलं.

"पाज तेका. माझा चुकला गे."

"आई, दूध आटलं असेल."

"येतला. तू लाव तर खरा."

बाळ दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा लुचू लागलं. त्याचे घोट ऐकत शेवंतीबाई खाटेशेजारी उभ्या राहिल्या. मग त्यांनी रिकामा हात आपल्या छातीवर ठेवला आणि आपल्या गेलेल्या तिघांसाठी पोटभर रडून घेतलं.