झुपक्याला मारलेली हाक

"कोण गं बोललं? मोठी की धाकटी?"

आई स्वयंपाकघरातून असं विचारायची, आणि पुढच्या खोलीत दोघी बहिणी तोंडावर हात दाबून हसायच्या. जन्म देणारीलाही आवाजावरून लेकी ओळखू येत नसत. ते आज इतक्या वर्षांनी धाकटीच्या कानाशी आलं, जनावरांच्या दवाखान्यात, झुपक्याला स्टीलच्या टेबलावर चढवताना. पुढचे पाय तिने धरले होते, मागचे भाऊजींनी, ताईच्या नवऱ्याने. कुत्र्याचं नख टेबलाच्या कडेला अडकलं आणि तिच्या तोंडून निसटलं, "अरे, सांभाळून!"

झुपक्याने मान गर्रकन वळवली. तिच्याकडे नाही, दाराकडे.

धाकटीने ओठ दाताखाली धरला. वर पाहिलं तर भाऊजीही दाराकडेच बघत होते.

"हा कुत्रा आहे की उसवलेली गादी?" ग्रूमरबाई आतून आल्या. कुत्र्यांचे केस कापून कापून त्यांच्या ॲप्रनलाच केस उगवल्यासारखे दिसत होते. त्यांनी झुपक्याच्या मानेत बोटं घालून पाहिली. ती आत जाईनात. "नुसत्या जटा झाल्यात. वर्षभर फणी बघितलेली नाही यानं. आणि त्या कुठायत?"

"कोण?" धाकटीने कुजबुजत विचारलं.

"याची आई, दुसरं कोण! काल फोनवर माझ्याशी त्याच बोलल्या. आवाज ऐकल्याबरोबर ओळखलं मी. म्हटलं, बऱ्याच दिवसांनी आठवण आली आमची! तर हसल्यासुद्धा नाहीत. वेळ विचारली आणि ठेवला फोन. रुसल्यात की काय?" मग चष्मा नाकावर घेऊन त्यांनी तिला निरखलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

"चेहऱ्यावरून वाटत नाही हो. घसा बसलाय का तुमचा?"

धाकटीने मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी, आणि भाऊजींकडे पाहिलं. जे सांगायचं ते त्यांनी सांगावं. सांगण्याचा हक्क त्यांचा. भाऊजींनी कुत्र्याच्या पाठीतून एक कुसळ उपटलं, खाली टाकलं, आणि अगदी साध्या सुरात म्हणाले, "ती घरी आहे. आज नाही जमलं तिला."

ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं.

काल धाकटीने फोन केला आणि ग्रूमरबाई "बऱ्याच दिवसांनी आठवण आली आमची!" म्हणाल्या, तेव्हाच तिने सांगायला हवं होतं. ते तेव्हा राहिलं, आणि राहिलेलं आता भाऊजींनी उचलून आपलंसं केलं होतं.

न बोलण्याची सवय तिला झुपक्यानेच लावली होती.

ताईमागे कुत्रा तिच्याकडे आला, त्याचा तो पहिलाच दिवस. ती ओट्याशी उभी होती, दूध वर आलं, आणि ती सहज म्हणाली, "गेलं बाई उतू!" बाहेरच्या खोलीतून तो धावत आला, फरशीवर घसरत, भिंतीला आपटत, शेपटीबरोबर अख्खं अंग हलवत. दारात थांबला. तिचा चेहरा पाहिला. मग तिला वळसा घालून पुढे गेला. ओट्याखाली हुंगलं, कपाटामागे हुंगलं, न्हाणीघरात डोकावला, पलंगाखाली पोटावर सरपटत गेला. दिवस मावळेपर्यंत शोधत होता. आणि शेवटी, जिथून तो आवाज आला होता तिथल्या भिंतीकडे तोंड करून बसला.

तेव्हापासून ती त्याच्यासमोर कुजबुजायची. खायला बोलवायचं तर ताटली वाजवायची, फिरायला न्यायचं तर टाळी. "कुत्रं पाळलंय की घरात तान्हं झोपलंय?" शेजारीण चेष्टा करायची. पण मुक्या हाताला झुपक्या अंग देईना. फणी दिसली की दात दाखवायचा. केसांचे गुंते झाले, गुंत्यांच्या गाठी, गाठींच्या जटा. आणि आता त्या जटांखालून वास यायला लागला होता.

संध्याकाळी मात्र बोलावं लागे. भाऊजींचा फोन यायचा. ती गॅलरीत जाऊन मागे दार ओढून घ्यायची. "झुपक्या काय म्हणतो?" ते विचारायचे, आणि मग, "बोल तू. मी ऐकतोय." ती बोलायची, दिवसभरातलं काहीबाही. पलीकडून ताटाचा, चमच्याचा आवाज यायचा. एकट्याला घास उतरत नाही, असं ते म्हणाले होते. दाराच्या आतल्या बाजूला झुपक्या फटीला कान लावून बसे; त्याचा ऊन श्वास तिच्या घोट्याला लागे. एकदा ती त्याच्या कानाच्या औषधाचं सांगत होती, तर मध्येच भाऊजी हसून म्हणाले, "हो गं, मीठ कमीच पडलंय आज."

तिने मिठाचं नावही काढलं नव्हतं.

ती तशीच उभी राहिली होती, फोन हातात धरून. दाराआड एक कान, फोनपलीकडे एक कान. दोन्हीकडे कुणीतरी तिच्या आवाजाला कान लावून होतं, आणि दोन्हीकडे ती नव्हती.

डॉक्टर हात पुसत आले. छातीवरची जट बाजूला सारून त्यांनी नळी टेकवली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"हृदय थकलंय याचं," ते म्हणाले. "पूर्ण भूल द्यायला मन घेत नाही माझं. पण खाली जखमा आहेत, हे ठेवूनही चालणार नाही. आणि शुद्धीत काढायला गेलो तर चावणार."

"माझी बोटं मला सगळी लागतात, डॉक्टर," ग्रूमरबाई म्हणाल्या. मग धाकटीकडे वळल्या. "त्या बरोबर असल्या की भुलीचं नाव निघायचं नाही. कानाशी बोलत राहायच्या आणि हा लोण्यासारखा पसरायचा. तुम्ही बोला की काहीतरी. घसा बसलाय तर बसू दे, त्याला कुठे गाणं ऐकायचंय?"

"बोललात तर थोडक्या औषधात भागेल," डॉक्टर म्हणाले. "तेवढा धोका कमी."

सगळे तिच्याकडे बघत होते. झुपक्याही बघत होता. त्याच्या एका डोळ्यावर साय धरली होती. तिने तोंड उघडलं. तसे भाऊजी किंचित पुढे झुकले, मान तिरपी करून, वाद्य जुळवून झाल्यावर पहिल्या सुरासाठी माणूस झुकतो तसे. तिने तोंड मिटलं. कुत्र्याच्या कपाळावर तळवा ठेवला आणि नाही अशी मान हलवली.

डॉक्टरांनी सुई पूर्ण भरली.

मशीन घुरघुरायला लागलं. जटा एकमेकींत इतक्या विणल्या गेल्या होत्या की केस सुटे पडेनात. मानेपासून शेपटीपर्यंत सगळं एकसंध उलगडत आलं, अंगरखा उतरवावा तसं. ग्रूमरबाईंनी ते दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर ठेवलं, आणि ते तिथे कुत्र्याच्याच आकारात बसलं. पाठीचा बाक होता, खांदे होते, पुढच्या पायांच्या बाह्या होत्या. टेबलावर उरला एक किडकिडीत, राखाडी, लाल चट्ट्यांचा प्राणी. खोलीत आता दोन कुत्री होती, आणि त्यातलं ओळखीचं होतं ते पोकळ होतं.

"टाकून देऊ ना हे?"

"नको!" भाऊजी झटकन पुढे आले. "वरचे केस तिने विंचरलेत. मुळाकडचे नंतर वाढले. वरचे तिच्या हातचे आहेत."

त्यांनी ते ओझं पोटाशी धरलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. धूसर काचेचं दार त्यांच्यामागे पूर्ण लागलं नाही. फटीतून धाकटीला दिसत होतं. मांडीवर ते ठेवून भाऊजी त्यावरून हात फिरवत होते, डोक्याकडून शेपटीकडे, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

ग्रूमरबाईंचं मशीन थांबलं. "नंतर म्हणजे? कशानंतर?"

धाकटीने कुत्र्याच्या पंजावरचा एक केस उचलला. तो तिच्या बोटाला चिकटून राहिला.

कान झाले, पंजे झाले, जखमांना मलम लागलं. डॉक्टरांनी भूल उतरवायचं इंजेक्शन दिलं. "आता उठेल," ते म्हणाले. ग्रूमरबाईंनी गरम पाण्याची पिशवी पोटाशी ठेवली, टॉवेल पांघरला. झुपक्या उठला नाही. जीभ बाजूला लोंबत होती. डॉक्टरांनी हिरडी दाबून पाहिली. दाबलेल्या जागी रंग परतायला फार वेळ लागला. डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. पापणी हलली नाही. छाती वर यायची, खाली जायची, आणि मग पुढचा श्वास कुठेतरी बाहेरच रेंगाळायचा, आत यावं की नाही याचा विचार करत असल्यासारखा.

"हाक मारा," डॉक्टर म्हणाले. "नावाने, मोठ्याने. माझा अनुभव आहे, कान सगळ्यांत आधी परततो. औषधाचं काम माझ्याकडून झालंय. आता त्याला यावंसं वाटलं पाहिजे."

"झुपक्या," ती कुजबुजली.

"अहो, हे मला शेजारी उभं राहून ऐकू आलं नाही!" ग्रूमरबाई करवादल्या आणि स्वतःच ओरडल्या, "झुपक्याऽ! ए बाबा! ऊठ की रे!" त्यांचा खणखणीत आवाज फरश्यांवरून फिरून आला. कुत्रा तसाच पडून राहिला.

डॉक्टर नळी छातीला लावून वाकले होते. त्यांनी मान वर केली नाही. "लवकर करा, बाई."

धाकटीने एकदा दाराच्या फटीकडे पाहिलं. तिथे तो हात अजून फिरत होता, डोक्याकडून शेपटीकडे. तिचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला, आणि तिने तो ओढून खाली घेतला. मग ती वाकली. केस गेलेल्या त्या पातळ, गुलाबी कानाशी तोंड नेलं, आणि वर्षभर धरून ठेवलेलं सोडून दिलं.

"झुपक्याऽऽ! कुठे गेला होतास रे, राजा?"

खोलीत ताई बोलली. शब्दाच्या शेपटाला वर चढणारा तो हेल, हसू येता येता दाबल्यासारखा तो मऊ 'रे'. ग्रूमरबाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला; त्यांनी दाराकडे पाहिलं, मग धाकटीच्या ओठांकडे, आणि उचलायला त्या वाकल्या नाहीत.

कान हलला.

"आणखी," डॉक्टर म्हणाले.

विंचरताना ताई काहीतरी गुणगुणायची. तिचंच जुळवलेलं, कुणी ऐकलं की लाजून थांबायची. धाकटीने ते कधी म्हटलं नव्हतं. तरी ते ओठांवर पाठ असल्यासारखं आलं:

"राजा माझा आला गं, रान हिंडूनिया आला,
कुसळांचा शेला बाई, पाठीवर पांघरला."

पापणी थरथरली. साय धरलेला डोळा उघडला, मागोमाग दुसरा. झुपक्याने नाक हलवून हवा हुंगली आणि तिच्याकडे पाहिलं. आता तो मान वळवेल, आता दाराकडे बघेल. त्याने मान वळवली नाही. शोधायला जाण्याइतकं बळ अंगात नव्हतं, की शोधायचं काही उरलं नव्हतं, कोण जाणे. त्याने कोरडी जीभ तिच्या मनगटाला लावली, आणि टॉवेलखाली शेपूट एकदा आपटली.

"आला," डॉक्टर म्हणाले, आणि कमरेत सरळ झाले.

"आलो गं, आलो!"

बाहेरच्या बाकावरून आवाज आला. मोकळा, घरगुती, शेजारच्या खोलीतून बायकोला ओ द्यावी तसा. चपला फरशीवर घासत आल्या. काचेचं दार खांद्याने ढकललं गेलं. भाऊजी दारात उभे होते. पोकळ कुत्रं दोन्ही हातांत कवटाळलेलं, चेहरा हसरा, आणि डोळे गच्च मिटलेले.

"निघायचं ना?" आवाज आला होता त्या दिशेला तोंड करून ते म्हणाले. "उशीर झाला म्हणून रागावू नकोस हं."

ग्रूमरबाई भिंतीला टेकल्या होत्या. डॉक्टरांनी गळ्यातली नळी हळूच हातात घेतली.

धाकटीला कुजबुजता आलं असतं. खाकरून, घसा दाबून, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलता आलं असतं. वर्षभरात ते तिला चांगलं जमायला लागलं होतं. झुपक्याची जीभ अजून तिच्या मनगटावर होती. तिने आवाज खाली आणला नाही.

"डोळे उघडा, भाऊजी," ती म्हणाली. "ताई गेली. हा माझा आवाज आहे."