थॉमसिन पेलचा बेडूक

मी एक म्हातारा बेडूक आहे. माझ्या अंगावरच्या चामखिळी पाहून तुम्हाला किळस येत असेल, तर येऊ द्या. तुमच्या जातीबद्दल मलाही तसेच वाटते.

मित्रांनो, एसेक्समधल्या आमच्या खेड्यात थॉमसिन पेल नावाची विधवा राहत होती. नांगराखाली माझा पाय चिरडला, तेव्हा तिने मला उचलून घरी आणले आणि लोकर घातलेल्या मडक्यात ठेवले. पाय बरा झाल्यावर मी तिच्या कोबीवरच्या गोगलगायी खाऊ लागलो. संध्याकाळी ती चुलीपुढे बसे, मला एखादा किडा देई आणि स्वतःच्या गुडघ्यांपासून थेट राजापर्यंत सगळ्यांना शिव्या घाली. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

एकदा तिने कुंपणावरून शेजारच्या ग्रिझेल हॉबडेकडे ताक मागितले.

"रोज उठून काय गं मागतेस, म्हातारे?" ग्रिझेल म्हणाली. "लाज कशी वाटत नाही?"

"राहू दे तुझं ताक. संपेल तेव्हा कळेल," थॉमसिन पुटपुटली.

त्याच आठवड्यात ग्रिझेलची दुभती गाय मेली. गावाला कारण हवेच होते; थॉमसिनने चेटूक केले, असे ठरले.

गावचा शिपाई ग्रिझेलला आणि आणखी दोन बायांना घेऊन आला. त्यांनी थॉमसिनला खोलीच्या मधोमध तिपाईवर बसवले. तिला खाऊ देईनात, झोपू देईनात. चेटकिणीजवळ सैतानाने दिलेला प्राणी असतो आणि भूक लागली की तो तिच्याकडे येतोच, असे ते मानत. त्याची वाट पाहत ते बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दिवस कलला तशी मला भूक लागली. मी नेहमीसारखा चुलीकडे निघालो. शिपायाने काठी उचलली. थॉमसिन गप्प बसली असती, तर मी एक ठेचलेला बेडूक ठरलो असतो, बस्स.

"जा मेल्या इथून," ती म्हणाली. "मारतील तुला. पळ."

मी वळलो आणि भिंतीच्या फटीत शिरलो.

"ऐकलंत?" ग्रिझेल सावकाश म्हणाली. "बोलली त्याच्याशी."

"बेडूक आहे तो, ग्रिझेल. तुझ्याही घरात आहेत."

"माझ्या घरातले माझं ऐकत नाहीत."

थॉमसिनला शहरात नेऊन फाशी दिली. तिचा कोबी त्याच बायांनी वाटून घेतला.

आता ग्रिझेलचा नवरा गेला आहे आणि मुले परगावी आहेत. ती दिवसभर तिच्या हंसिणीशी बोलते. "खा गं बाई, तुला तरी कोण आहे?" असे म्हणते. कुंपणापलीकडच्या बाया हातातले काम थांबवून तिच्याकडे पाहत ऐकू लागल्या आहेत. ती नजर मी ओळखतो.

मित्रांनो, मला ग्रिझेलची दया येत नाही. ती मेली, तर मी एक दिवसही उपाशी राहणार नाही. तरीही सांगतो, कुणीतरी तिच्या घरी जा, तिच्याजवळ बसा, चार शब्द बोला. आणि उशीर करू नका, कारण बाया आता कुजबुजू लागल्या आहेत.