घंटा कोणी वाजवली?

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मला हळू बोलता येत नाही. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या साली भंडाऱ्याच्या एका कारागिराने मला ओतलं, घासलं आणि पहिल्यांदा वाजवून पाहिलं. शेजारच्या दुकानातला माणूस दचकून बाहेर आला. काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मला विकत घेतलं सुखरामजींनी. तुमसरच्या रस्त्यावर एक राइस मिल होती, तिचे ते फोरमन. मला मांडीवर घेऊन ते एसटीत बसले. खड्डा आला की मी वाजायची, आणि कंडक्टरनेच घंटी दिली असं समजून ड्रायव्हर बस थांबवायचा. कंडक्टर वैतागला. "काकाजी, तुमच्या या बाईच्या तोंडात बोळा कोंबा ना!" सुखरामजींनी हसत आपला दुपट्टा माझ्यात कोंबला. मिलवर पोचल्याबरोबर काढलाही.

मिलमधल्या यंत्रांचा आवाज असा, की शेजारच्याने ओरडून सांगितलेलं ऐकू येत नसे. मोटरचं बटण पलीकडच्या खोलीत. म्हणून मला मधल्या खांबावर टांगलं, खाली दोरी सोडली, आणि सुखरामजींनी एक रीत घालून दिली. काही बिघडलेलं दिसलं तर ज्याला दिसेल त्याने दोरी ओढायची, मग तो हमाल असो की झाडणारी बाई. मी वाजले की मोटर बंद. सुखरामजी धावत यायचे आणि एकच विचारायचे, "काय झालं?" कोणी वाजवली, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. कधी नुसताच भास निघायचा. तेव्हा म्हणायचे, "चला, या बहान्यानं पानी तं पिऊन घ्या."

चाळणीवर रत्नमाला आणि शकुनबाई काम करायच्या. दोघींची डब्यातली भाजी एक. दिवाळीच्या आधी शकुनबाई मला चिंच लावून घासायची आणि बुद्धपौर्णिमेच्या आधी रत्नमाला. रत्नमालाच्या हाताला मोठी सफाई होती. संध्याकाळी घरी ती सगळ्या मोहल्ल्याचे ब्लाऊज शिवायची. तिने घासलं की मी सोन्याची वाटायची. असं मी म्हणत नाही हो, लोक म्हणायचे.

मग सुखरामजी थकले, घरी बसले आणि कैलाश मॅनेजर म्हणून आला. नाकाडोंगरीचा मुलगा, नागपूरला शिकलेला. वाईट नव्हता तो. पण मालकांचा रोज फोन यायचा, मिल का थांबली म्हणून, आणि त्या फोनची त्याला फार धास्ती होती.

एका सकाळी रत्नमालाला यंत्र फिरवणाऱ्या पट्ट्यापाशी जळका वास आला. तिने दोरी ओढली. मोटर थांबली, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. कैलाश तणतणत आला आणि त्याने विचारलं, "कोणी वाजवली?"

हा प्रश्न त्या मिलमध्ये पहिल्यांदा आला, मित्रांनो. रत्नमालाने हात वर केला. त्याने तिला जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्याखाली उभं केलं. "सगळ्यांनी पाहून घ्या, कोणामुळे मिल थांबली ते." एवढी मोठी बाई, दोन लेकरांची आई, मान खाली घालून उभी. मी तिच्या डोक्यावर टांगलेली. नुसता संताप संताप झाला माझा!

त्या दिवसानंतर दोरीला कोणी हात लावला नाही. वास अधूनमधून यायचा. माणसं नाकाला पदर, दुपट्टा लावून पुढे जायची. कैलाश फोनवर खुशीत सांगायचा, "आता मिल थांबतच नाही, साहेब." माझ्यावर धूळ बसली. मला त्याचं काही नाही, पण मन लागत नव्हतं.

आणि व्हायचं तेच झालं. एका दुपारी पट्टा घसरला आणि रत्नमालाचा उजवा हात त्यात ओढला गेला. शकुनबाई समोरच होती. तिने दोरी धरली. तिची पकड मला वरपर्यंत जाणवली. ओढ गं बाई, ओढ! पण तिने दोरी सोडली आणि ती ऑफिसकडे धावली.

"साहेब, घंटा वाजवू का जी?"

तिने असं विचारलं, हे मला नंतर तिच्या रडण्यातून कळलं. कैलाश पांढराफटक पडला. त्यानेच धावत येऊन दोरी ओढली. तोवर रत्नमालाची दोन बोटं गेली होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तो रत्नमालाच्या नवऱ्याजवळ, यादोरावांजवळ, बसून राहिला. परत आल्यावर त्याने पट्टा बदलला, त्यावर जाळी बसवली, मला नवी दोरी बांधली. सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "बिनधास्त वाजवा. कोणी काही म्हणणार नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. पण वाजवली कोणीच नाही.

रत्नमाला परतली. ब्लाऊज शिवणं सुटलं होतं. तिला पोत्यांवर शिक्के मारायचं काम दिलं. एक दिवस पुन्हा तोच वास आला. सगळ्यांना आला, मला दिसत होतं ना! सगळे खाली वाकून आपापल्या कामात गुंतले. रत्नमाला उठली. माझ्याखाली आली, आणि तिने डाव्या हाताने दोरी ओढली.

मी अशी वाजले की छपरावरची कबुतरं उडाली. मोटर थांबली. कैलाश धावत आला. सगळ्यांचे डोळे जमिनीवर. "को..." त्याच्या तोंडातून निघालंच. त्याने ते गिळलं. तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "काय झालं, ताई?"

रत्नमाला बोलायच्या आत शकुनबाईच फुटली. "एवढंच तवा इचारलं असतं, साहेब, तं मी तुमाले पुसाले कायले धावली असती जी?"

कैलाशने मान खाली घातली. मग तो स्वतः पट्ट्यापाशी गेला. पट्टा घासून जाळीच्या आतलं लाकूड खरंच काळं पडलं होतं.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं येतील. मला तुम्ही घासा, न घासा. पण कुठेही माझ्यासारखी घंटा वाजली की धावत जा, आणि आधी काय झालं ते विचारा. एवढं माझं ऐकाच.

या बुद्धपौर्णिमेच्या आधी रत्नमालाने मला डाव्या हाताने चिंच लावली. दुसरी बाजू शकुनबाईने घासली. मी पुन्हा चकाकते आहे. पण दोरी अजून एकटी रत्नमालाच ओढते.